पहिलं तेल

बादशा हा बोका होता आणि नावाला जागत होता, म्हणजे दिवसभर काही करत नसे. राजिवड्यात भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत सुरय्याचं घर. दारासमोर वाळत घातलेली जाळी, हवेत सुक्या बांगड्याचा वास, मांजराच्या जातीला याहून दुसरी जन्नत नको. पण हे महाशय त्या सगळ्याकडे पाठ करून सुरय्याच्या शिलाई मशीनशेजारच्या वेताच्या खुर्चीत पडून असत. खुर्ची दादींची. दादी म्हणजे सुरय्याच्या सासूबाई. त्यांना सगळं घर दादीच म्हणायचं, सुरय्यासुद्धा. दोन हजार दोनच्या सप्टेंबरात दादी गेल्या. खुर्ची राहिली, आणि खुर्चीत बादशा राहिला.

दादींचा चाळिसावा दिवस झाला, पाहुणे पांगले, आणि त्याच आठवड्यात सुरय्याला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मशीनचं पायडल थांबवलं की यायचा. खर्र, खर्र, खर्र. ओल्या पॉलिश पेपरनं कुणी फळी घासावी तसा. बघते तर बादशा मागचा पाय ताणून पोटरी चाटतोय. मांजर चाटायचंच, त्यात काय! तिनं एका ब्लाउजच्या बाह्या जोडल्या, हुक लावले, चहा केला, प्याली, कप विसळला. बादशा त्याच पायावर, त्याच जागी.

"मेल्या, ईदेलासुद्धा एवढी आंघोळ कुणी करत नाही," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत त्या पायावरचे केस गेले. मग दुसऱ्या पायावरचे. डिसेंबरात पोट उघडं पडलं, सोललेल्या कोंबडीसारखं गुलाबी.

एरवी सुरय्यानं ते हसण्यावारी नेलं असतं. पण फेब्रुवारीत महरीन यायची होती. महरीन तिची एकुलती एक मुलगी, चिपळूणला दिलेली. तीन वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. आता तिसऱ्यांदा. सातवा लागला की बाळंतपणाला माहेरी यायचं, असं ठरलेलं. सुरय्याचा नवरा इद्रीस दोह्याला टगबोटीवर. दर शुक्रवारी फोनवरून दुआ त्यानं करायची आणि बाकीचं सगळं सुरय्यानं, अशी त्या संसाराची वाटणी होती. जावई फुजैल लोट्याला कंपनीत शिफ्टला जायचा. त्याचा एक दिवस फोन आला.

"अम्मी, त्या बोक्याला काहीतरी झालंय म्हणे. डॉक्टरीणबाई बोलल्या, घरात आजारी जनावर अजिबात नको. ह्या वेळी मला कसलीच रिस्क नको. सोडून द्या ना त्याला कुठंतरी."

"बघते," सुरय्या म्हणाली.

बघते म्हणाली, कारण सोडून देणं सोपं नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत दादींची जीभ जड झाली होती, तरी त्यांनी सुरय्याचं मनगट धरून एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली होती. "बादशाला घराबाहेर काढू नको." सुरय्यानं हो म्हटलं होतं. शिवाय नुसत्या भीतीनं कुणाला हाकलणारी ती बाई नव्हती. शाळा सातवीत सुटली, तरी रद्दीतल्या मासिकांतली आरोग्याची पानं कापून तिनं वहीत चिकटवली होती, आणि शिवण तर ती जुने कपडे उसवून उसवूनच शिकली होती. कुठलीही गोष्ट उसवली की कळते, हा तिचा अनुभव. बादशा एवढा का चाटतो, हे महरीन यायच्या आत उसवायचं, असं तिनं ठरवलं.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर दीपक नागवेकरांनी भिंग घेतलं. म्हशी तपासायची सवय असलेला माणूस. बादशाला त्यांनी काचेचं भांडं धरावं तसं धरलं.

"पिसवा नाहीत," ते म्हणाले. "बुरशी नाही. कातडी कशी स्वच्छ आहे बघा. खाज असती तर ओरखडे दिसले असते. खाण्यात काही बदल?"

"तेच. भात नि मासळी."

"घरात कुणी नवीन आलं? कुणी गेलं?"

"सासूबाई गेल्या. त्यांच्याच मांडीवर असायचा."

"मग झुरतोय. मांजरंही झुरतात, ताई. मनाला लागलं की अंग चाटत बसतात." बोलता बोलता त्यांनी बादशाचं पोट चाचपलं. बादशा कण्हला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि त्यांचा आवाज बदलला. "ह्याला कोण दाबतं?"

"म्हणजे?"

"कातडीखाली रक्त साकळलंय. इथं, हे इथं. काही जुनं, काही काल-परवाचं. जिथं दुखतं तिथं मांजर चाटतं." त्यांनी आपली बोटं नाकाशी नेऊन हुंगली. "आणि ह्याला तेल कशाला लावता? मांजराला अंगावर काही लागलेलं खपत नाही. माणसानं नुसता हात फिरवला, तरी हात उचलल्यावर ते तिथंच चाटतं. आपला वास पुसून टाकतं."

"तेल?" सुरय्या म्हणाली. "डॉक्टर, घरात मी एकटी. आणि मी ह्याला शिवतसुद्धा नाही. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना केस लागतात."

"मग शेजारपाजारचं कुणी असेल," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले. लोक दवाखान्यात खोटं बोलतात याची त्यांना सवय असावी.

रिक्षात पिशवीतून बादशाचं डोकं बाहेर आलं होतं. सुरय्यानं वाकून त्याच्या मानेशी नाक नेलं. ओवा घालून कढवलेलं खोबरेल.

तो वास तिला चांगला माहीत होता.

दादी जायच्या सात-आठ महिने आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. हळूहळू हात हलायला लागला, पण व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "हात हलेल, पण त्या हाताला कळणार काही नाही. किती जोर लागतोय, ते त्यांना डोळ्यांनी बघूनच समजून घ्यावं लागेल." आठवड्यात दादींनी काचेचे तीन पेले मुठीत फोडले. बोटं आखडू नयेत म्हणून हाताला फळी बांधायची होती. तिला मऊ खोळ शिवायची म्हणून सुरय्यानं दादींचा पंजा खाकी कागदावर ठेवला आणि पेन्सिलीनं आखून घेतला. अंगठ्याशेजारचं बोट एक पेर आखूड. चाळीस वर्षांपूर्वी सुरमईचं डोकं तोडताना विळीवर गेलेलं.

दादी रडल्या त्या पेल्यांसाठी नव्हे. त्या घराची एक रीत होती. सातव्या दिवशी बकरा कापून अकिका करायचा, बाळाचं जावळ उतरवायचं, आणि त्या कोऱ्या डोक्याची टाळू पहिल्यांदा भरायची ती घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं. दोन बोटांनी तेल जिरवायचं, साय निवली का बघावी इतक्या हलक्या हातानं. इद्रीसची टाळू दादींनी भरली होती, त्याच्या भावांची भरली होती, महरीनची भरली होती.

"आता ह्या लाकडानं महरीनच्या लेकराला काय लावणार मी?" त्या म्हणाल्या.

"लावाल की!" सुरय्या काजं करता करता बोलून गेली. "तोवर बादशावर सराव करा."

थट्टा होती. पण पंचवीस वर्षांत सुनेचा एक शब्द न ऐकलेल्या दादींनी नेमका हा ऐकला. रोज दुपारी वाटीत ओव्याचं कोमट तेल आणि मांडीवर बादशा. आधी पाय, मग पोट, मग छाती, हात, पाठ आणि शेवटी डोकं, बाळाला करतात तशी रीतसर मालीश. हाताला कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी बोटं टेकून दादी थांबत, सुरय्याकडे बघत आणि विचारत, "एवढं?"

"हळू," सुरय्या मशीनवरूनच सांगे.

"एवढं?"

"हां. बस."

एकदा तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि उत्तर राहून गेलं. दादींनी वाट पाहिली. उत्तर येत नाही म्हणजे जोर कमी पडतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दाबलं. बादशा असा किंचाळला की बाहेर जाळी विणत बसलेले गडी उठून दारात आले. त्यानंतर सुरय्यानं उत्तर कधी चुकवलं नाही.

आता दादी नव्हत्या. तेलाची वाटी तिनं चाळिसाव्यालाच घासून फळीवर पालथी घातली होती. ती अजून पालथीच होती. तिनं घरी पोचल्यावर आधी जाऊन बघितलं.

जानेवारीत बादशाच्या छातीवरचे केस गेले. सुरय्यानं खाकी कागद पसरला, कपड्याचा काढतात तसा बोक्याचा खाका काढला, टेपनं एकेक उघडी जागा मोजून आखली आणि शेजारी महिने घातले. नोव्हेंबर, पाय. डिसेंबर, पोट. जानेवारी, छाती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो पुढचे पाय चाटायला लागला, तेव्हा तिनं तेही लिहिलं.

त्याच दिवशी सोनूबाई आली. सोनूबाई पुलापलीकडची, भाट्याची. राजिवड्यातल्या निम्म्या पोरांना तिनं न्हाऊमाखू घातलं होतं, आणि महरीनच्या बाळंतपणाचं बोलणं करायला ती आली होती. चहाचा कप ठेवता ठेवता तिनं कागदाकडे बघितलं. तिला चित्रात बोका दिसला नाही, आणि वाचता तर तिला येतच नव्हतं. तिनं नुसतं बोट ठेवलं.

"ह्या पयला, मग ह्या, मग ह्या असा चढत गेला काय?"

"हो. का गं?"

"मालशीचा कागद काढलंस? बरोबर हाय गो. पाय, पोट, छाती, हात." ती हसली. "पाठ नि टाळू ऱ्हायली तुझी."

सोनूबाई गेल्यावर सुरय्यानं मशीनचा खण उघडला. दादींच्या पंजाचा कागद तळाशी होता. तिनं तो रेघेवरून कातरला आणि बादशाला मांडीवर घेतलं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या पोटावर चार उघडे पट्टे होते. आजवर तिनं ते एकाच डागात धरून मोजले होते.

तिनं कागदाचा पंजा त्यावर ठेवला.

तो बसला. आखूड बोटाखाली आखूड पट्टा. मापानं शिवलेला कपडा बसतो तसा, कुठं ओढ नाही, कुठं चुणी नाही.

बादशा मान वर करून तिच्याकडे बघत होता. चाटायला लागायच्या आधी तो नेहमी असा बघायचा, हे तिला आत्ता आठवलं. इतके दिवस तिला वाटत होतं, भूक लागली असेल. तीन-चार महिने तिच्या शेजारच्या खुर्चीत कुणीतरी रोज "एवढं?" विचारत होतं, आणि ती मशीन चालवत होती.

दोन्ही कागद तिनं न्हाणीच्या चुलीत घातले. शिवणारीला जिकडे तिकडे माप दिसायचंच, असं स्वतःला बजावलं. आणि संध्याकाळच्या आत बादशाला पिशवीत घालून सोनूबाईकडे पोचवलं. दादींना दिलेला शब्द मोडला, पण महरीन यायला चार दिवस होते. दुखणं बोक्याचं आहे. बोका गेला की दुखणं गेलं.

महरीन आली. डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उतरायची बंदी केली होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बादशा कुठाय?"

"हवापालटाला गेलाय. पेन्शनीत निघालाय तो."

आठवड्यानं सोनूबाई बातमी घेऊन आली. "बादशा बरा झाला गो! माज्याकडं आला त्या दिसापासून एकदाबी चाटला नाय. खातोय नि झोपतोय. अंगाव लव पण आली."

"बघ, म्हणजे इथलंच काहीतरी त्याला लागत होतं," महरीन म्हणाली.

सुरय्या तांदूळ निवडत होती. तिची बोटं सुपात थांबली. ती चाटण्याचं कारण बोक्यात शोधत होती. कारण घरात होतं. ते अजून घरातच होतं, आणि आता त्याच्यापाशी बोका नव्हता.

मार्चात एका सकाळी तिनं चपात्यांची कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवली आणि कपडे वाळत घालून आली. फडकं होतं तसंच होतं. खाली कणकेत चार बोटं रुतली होती, एक आखूड. इतकी खोल की परातीचा तळ दिसत होता.

आतल्या खोलीत महरीन पोटावर हात ठेवून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सुरय्या पिशवी घेऊन भाट्याला गेली. बादशानं ओळख दाखवली, पायाला अंग घासलं, पिशवीतही गेला. पुलाच्या मध्यापर्यंत गप्प होता. राजिवड्याची घरं दिसायला लागली तशी त्यानं पिशवी फाडली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमधून मागे पळत सुटला. सुरय्या पुलावर रिकामी पिशवी घेऊन उभी राहिली. पोरीला हलवायची सोय नाही. आणि हलवायचं तर फुजैलला काय सांगायचं, कणीक दाबली गेली म्हणून?

तिनं आपलं अंथरूण महरीनच्या पलंगाला लागून घातलं.

एप्रिलात महरीनला मुलगी झाली. पुरे दिवस भरून, ठणठणीत, आल्याआल्या सगळा वॉर्ड डोक्यावर घेणारी. नाव नबीला ठेवलं. इद्रीस फोनवर रडला. सुरय्याही रडली, आणि त्यानंतर सहा दिवस तिनं त्या पाळण्यापासून हातभराच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. सोनूबाई बाळाच्या अंगाला तेल लावायची, डोकं तेवढं सोडून. त्या घराची रीत तिला माहीत होती. सहा दिवस काही म्हणजे काही झालं नाही. सुरय्याला वाटलं, गेलं. पोरीचं तोंड बघून गेलं.

सातव्या दिवशी अकिका झाला. न्हाव्यानं जावळ उतरवलं. त्या एवढ्याशा गुळगुळीत डोक्यावर टाळू उडत होती, पाण्याखालच्या माशासारखी. "बघ कशी, आतून कुणी दार वाजवतंय," महरीन म्हणाली. लोक जेवले, बाळाला बघून गेले. पावसच्या नातेवाइकांनी हापूसची पेटी आणली होती, तिचा वास घरभर. दुपार कलली, असरची बांग झाली तसे फुजैल आणि बाकीचे पुरुष मशिदीकडे गेले. सोनूबाई मागच्या पडवीत भांडी घासत होती. महरीन दमून झोपली.

टाळू भरायची राहिली होती. घरातली सगळ्यात मोठी बाई आता सुरय्याच होती.

ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरची पालथी वाटी तिनं घेतली नाही. नवी, स्टीलची घेतली. तेल साधंच घेतलं. ओवा घातला नाही, मुद्दाम. बोट बुडवून कोमट झालं का बघितलं. सगळं मिळून पाच मिनिटं.

वाटी घेऊन ती खोलीत आली.

खोलीत ओव्याचा वास होता.

नबीलाचं डोकं तेलानं चमकत होतं. एक थेंब कानामागून ओघळून दुपट्यात जिरत होता.

टाळू उडत नव्हती.

तिथं दोन खळगे होते, बोटांच्या टोकांएवढे. सारख्या बोटांचे असते तर शेजारी शेजारी पडले असते. एक मागे होता. पेरभर.

बाळ रडत नव्हतं. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि ते वर बघत होतं, पाळण्यावर वाकलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तसं. सुरय्या अजून दारातच होती.

तिनं वाटी खाली ठेवली नाही, पाडलीही नाही. ओरडायचं होतं. तोंडात टाचण्या धरल्यासारखी जीभ जागच्या जागी राहिली.

खळगे थांबले होते.

वाट बघत होते.

मग, उत्तर येत नाही असं बघून, किंचित खोल झाले.

"हळू," सुरय्या म्हणाली.

खळगे वर आले. टाळू दोनदा, तीनदा उडाली. बाळानं जीभ बाहेर काढली आणि आपल्या मुठीवरून फिरवली. पुन्हा फिरवली. त्याच जागी.

तेलात पुन्हा दोन बोटं टेकली. ह्या वेळी हलकी. टेकून तशीच राहिली.

"अम्मी?" महरीननं डोळे न उघडता विचारलं. "कुणाशी बोलतेस?"

सुरय्यानं तिला उत्तर दिलं नाही. तिला आधी दुसरं उत्तर द्यायचं होतं.